वाचकांचे प्रश्न: गुळवेलीचा काढा, सत्त्व आणि यकृत

प्रश्न: सासरे कोरोनाच्या काळापासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतात. त्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे. गुळवेलीमुळे लिव्हर बिघडतं असं आता ऐकतोय. खरं काय समजायचं? (सांगली)

काढा आज बंद करा आणि रक्तातलं बिलिरुबिन व एसजीपीटी (यकृत ठीक आहे का हे दाखवणाऱ्या चाचण्या) तपासून घ्या. घाबरवायला नाही, पण त्यांच्या बाबतीत थांबण्याला कारण आहे.

२०२० च्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. सगळे गुळवेल घेत होते. २०२१ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. आजाराची धाटणी ऑटोइम्यून हिपॅटायटिसची होती, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, गुळवेल सुरक्षित आहे. तिच्याच कुळातल्या टिनोस्पोरा क्रिस्पाशी गल्लत होते. गल्लत होते हे खरं, पण सगळं खापर क्रिस्पावर फोडणं आम्हाला पटत नाही. प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या वनस्पतीने ऑटोइम्यून कल असलेल्या माणसात असा त्रास होणं अजिबात अशक्य नाही. थायरॉइड कमी काम करण्यामागे बऱ्याचदा हाशिमोटो हा ऑटोइम्यून आजार असतो, म्हणून सासऱ्यांचं नाव या यादीत येतं. संधिवात, ल्यूपस, सोरायसिस असलेल्यांनी, यकृताचा जुना आजार किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनीही गुळवेल टाळावी.

लघवी गडद पिवळी होणं, भूक मरणं, अंगाला खाज, डोळे पिवळे दिसणं ही लक्षणं असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि काढ्याचं आवर्जून सांगा. पुष्कळ लोक 'ते काही औषध नव्हे' म्हणून सांगतच नाहीत, आणि निदान लांबतं.

ज्यांना ही अडचण नाही त्यांच्यासाठी मात्रा: आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत प्रमाणग्रंथात) खोडाचं चूर्ण दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम खोड. २० ग्रॅम भरड कुटून ३२० मिली पाण्यात मंद आचेवर उकळायचं आणि पाऊण भाग आटवून ८० मिली ठेवायचं. 'वीतभर तुकडा' हे माप सोडून द्या. करंगळीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या वेलीच्या वजनात कितीतरी पट फरक पडतो. वैद्य काही दिवसांसाठी सांगतात ते औषध; वर्षानुवर्षं रोजच्या चहासारखं पिणं ही परंपरा नाही, ती अलीकडची सवय.

प्रश्न: आमच्या कुंपणावरची वेल गुळवेलच आहे हे कसं ओळखावं? (देवरुख)

पान हृदयाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. जून खोडाची साल कागदासारखी पातळ, नखाने सुटते आणि खाली हिरवा गर दिसतो. आडवा काप घेतला की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. फांद्यांवरून दोऱ्यासारखी हवाई मुळं लोंबतात. मादी वेलीला लाल, वाटोळ्या फळांचे घोस येतात. क्रिस्पाचं खोड करडं, त्यावर ठळक गाठी आणि कापल्यावर दुधाळ स्राव. इथे एक खोच आहे: खऱ्या गुळवेलीच्या खोडावरही बारीक पांढरट ठिपके असतात, त्यांना गाठी समजू नका. पानाच्या खालच्या बाजूला मऊ लव लागली तर ती टिनोस्पोरा सायनेन्सिस, तीही नको. चव घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नये.

प्रश्न: घरी सत्त्व करताना ते तपकिरी झालं, शिवाय फार थोडं पडलं. काय चुकलं? (जळगाव)

खोड ताजं, अंगठ्याएवढं जाड आणि उन्हाळ्यात तोडलेलं हवं. पाऊस पडून कोवळी पालवी फुटली की खोडातला साठा तिकडे खर्च होतो. बाहेरची साल खरवडून काढली नाही तर रंग हमखास येतो. एक किलो खोडाचे बोटभर तुकडे ठेचून चार लिटर गार पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी हाताने चांगले कुस्करून तलम कापडातून गाळा. चार-सहा तास न हलवता ठेवलं की पांढरा थर तळाशी बसतो. वरचं पाणी अलगद ओता, पुन्हा एकदा स्वच्छ पाणी घालून बसू द्या आणि थर ताटात पातळ पसरून सावलीत वाळवा. ३० ते ५० ग्रॅम निघालं तर छानच. पाणी गरम वापरलं तर खळ होते, थर बसतच नाही. उन्हाळ्यात जास्त वेळ भिजत ठेवलं तर आंबतं; वास आला की टाकून द्या.

आता कडू बातमी. सत्त्व म्हणजे मुख्यतः स्टार्च. वेलीतली कडू द्रव्यं बरीचशी ओतून दिलेल्या पाण्यातच जातात. त्यामुळे अर्कावर झालेल्या संशोधनाचे दाखले सत्त्वाच्या डबीवर छापणं बरोबर नाही. बाजारातल्या सत्त्वात आरारूट मिसळलंय का, हे आयोडीनने कळत नाही. दोन्ही निळेच होतात. सूक्ष्मदर्शकाखाली कणांचा आकारच पाहावा लागतो.

प्रश्न: मग गुळवेलीच्या बाजूने पुरावा आहे तरी काय? (ठाणे)

आहे, पण तुटपुंजा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी पित्तमार्ग तुंबून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवर काम केलं (१९९३). शस्त्रक्रियेआधी गुळवेल दिलेल्या गटात जंतुसंसर्ग कमी झाला आणि जास्त रुग्ण वाचले. ॲलर्जीच्या सर्दीवर २००५ मध्ये ७५ रुग्णांची आठ आठवड्यांची चाचणी झाली. शिंका, नाक गळणं बरंच कमी झालं. दोन्ही अभ्यास लहान आहेत. त्यावरून 'रोज घ्या, काही होणार नाही' असं ठरत नाही.

प्रश्न: मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. काढा चालेल? (बेळगाव)

गुळवेलीनेही साखर थोडी उतरू शकते, गोळीच्या जोडीला ती जास्त खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि गोळी बंद करून त्याजागी काढा तर मुळीच नको.