ग्रीस मारूनही क्रॉस जातोच कसा?

प्रश्न : मिस्त्रीकाका, माझी सहाचाकी आहे, सीझनला ऊस ओढतो आणि बाकी वर्षभर कांदा नाहीतर सिमेंट. वर्षभरात प्रॉपलरचे (गिअरबॉक्सकडून मागची चाकं फिरवणाऱ्या लांब शाफ्टचे) दोन क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, बदलले. गाडी धुतली की रॅम्पवरच पैसे देऊन ग्रीसिंग करून घेतो तरी ही गत, म्हणून वैतागून स्वतःच ग्रीसची हँडगन आणली आणि खाली शिरलो. तर मधल्या क्रॉसचं निपल (ग्रीस भरायचं तोंड) ग्रीसच घेईना, मागचं घेतं पण तीन टोप्यांतून बाहेर येतं आणि चौथी कोरडीच. शाफ्टला मधे धरणाऱ्या सेंटर बेअरिंगला तर निपलच सापडलं नाही. कुठं चुकतंय?
– एक वाचक, करमाळा

उत्तर : अहो तुम्ही चौथी टोपी बघितली हेच लय झालं, रॅम्पवरचं पोरगं ती बघतच नाही. गन लावतो, दोन दणके देतो, कुठंतरी ग्रीस दिसलं की चालला पुढच्या निपलला. आता क्रॉसला हात चार, प्रत्येक हातावर एक टोपी, टोपीत सुईसारखे बारीक रोलर, आणि निपल मात्र सगळ्यांत मिळून एकच. ग्रीस जिकडं सोपी वाट मिळेल तिकडं पळतं, म्हणजे तीन टोप्या न्हाऊन निघतात नि चौथी उपाशी, आणि त्या एकीपायी अख्खा क्रॉस जातो. म्हणून चारी टोप्यांच्या सीलमधून जुनं निघून नवं दिसेपर्यंत गन सोडायची नाही.

खाली शिरायच्या आधी गाडी सपाटीला, हँडब्रेक, चाकांना पुढून-मागून ठोकळे आणि चावी स्वतःच्या खिशात. केबिनमधे चावी ठेवली की क्लीनर गाणी लावायला ती फिरवतो, मी बघितलंय. निपल वरच्या बाजूला गेलं असेल तर आधी बाहेर या, मग ठोकळे काढून गाडी जरा पुढं घ्या, हौसिंगचा रेशो 6 च्या आसपास असेल (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे सहा) तर वीतभर सरकली तरी शाफ्ट जवळजवळ अर्धा फिरतो, आणि परत शिरायच्या आधी ब्रेक, ठोकळे, चावी सगळं पुन्हा.

मधलं निपल बहुतेक चोंदलंय. फडक्यानं पुसा, टोकाची बारकी गोळी खिळ्यानं दाबून बघा, हलत नसेल तर सरळ नवीन निपल बसवा, त्यात काय फार पैसे नाहीत. निपल बदलूनही घेत नसेल तर आतलं ग्रीस वाळून दगड झालंय, क्रॉस उतरवल्याशिवाय इलाज नाही. आणि शाफ्ट उतरवताना आधी दोन्ही तुकड्यांवर खूण करा बरं का, बसवताना एक दात जरी इकडंतिकडं झाला तरी गाडी थरथरते आणि मग लोक नव्या क्रॉसला शिव्या देतात.

चौथ्या टोपीसाठी एकानं शाफ्ट हातानं वर-खाली, डावा-उजवा दाबत राहायचा आणि दुसऱ्यानं गन मारायची, बऱ्याचदा तेवढ्यानं सुटते. नाही सुटली तर क्रॉस खोलूनच बघा. बाहेर पडणारं ग्रीस नुसतं काळं असेल तर ते जुनं आहे एवढंच, पण तांबूस गंजासारखं आलं किंवा बोटात चोळून खर लागली तर रोलर गेलेत, आणि हातानं हलवून खडखड लागली तर ग्रीस मारून काही उपयोग नाही, क्रॉस बदला. दुधासारखं आलं तर आत पाणी गेलंय. प्रेशरनं धुतल्यावर किंवा ओढ्यातून गाडी घातल्यावर ग्रीसिंग करायचं ते याचसाठी, धुवायच्या आधी करून फायदा नाही.

स्लिपचं निपल विसरू नका, शाफ्ट लांब-आखूड होतो तिथलं. शेवटच्या झाकणाला बारीक भोक असतं, ग्रीस तिथून आलं की ते बोटानं दाबून धरा आणि मारत राहा, मग दुसऱ्या टोकाच्या सीलमधून येतं. ते आलं म्हणजे स्प्लाइनवर, तिथल्या दातांवर, सगळीकडं पोचलं. सेंटर बेअरिंग सीलबंद असेल तर निपल नसतंच, त्याचा आवाज आला किंवा रबर फाटलं की बदलायचं.

ग्रीस लिथियमचं, ईपी (जास्त दाबाला टिकणारं), 2 नंबर घ्या. 3 नंबर त्याहून घट्ट, थंडीत सकाळी हँडगननं ढकलताना जीव जातो. स्प्रिंगच्या पाट्यांचं काळं ग्राफाइट ग्रीस क्रॉसला नको. रंग बघून दोन ग्रीस एक समजू नका, रंग कंपनी वाटेल तो घालते. हवेची गन टाळा, झटक्यात सील फाडते. किती किलोमीटरनी मारायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं, पण शेतातली वाट आणि ओव्हरलोड ऊस असेल तर सीझनमधे त्याच्या निम्म्यातच मारा.

प्रश्न : माझ्या पिकअपच्या क्रॉसला निपलच दिसत नाही, ड्रिल मारून बसवू का?
– एक वाचक, मंचर

उत्तर : नका हो. तो बंद क्रॉस आहे, भोक पाडलं की हात कमजोर होतो आणि लोखंडाचा कीस आत जातो. वाजायला लागला की बदला, आणि बदलताना निपलवाला मिळतोय का ते दुकानात विचारा.