माकडताप माणसाकडून नाही, पातेऱ्यातून येतो

प्रश्न : माझ्या सासूबाई माकडतापाने दहा दिवस दवाखान्यात होत्या, आता घरी आल्यात. पण शेजारच्या बायका अंगणात पाय ठेवत नाहीत, दूध घालणारा मुलगा किटली गडग्यावरच ठेवून जातो. माझा मुलगा ४ वर्षांचा आहे, रोज आजीजवळच झोपायचा. आता झोपू द्यायचं का? ताटवाटी वेगळी ठेवायची का? (एक वाचक, दोडामार्ग तालुका)

उत्तर : ताई, आजपासूनच झोपू द्या त्याला आजीजवळ. ताटवाटी, कपडे, काही वेगळं नको. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही, खोकल्यातून नाही, उष्ट्यातून नाही, अंथरुणातून नाही. शेजाऱ्यांना हेच वाचून दाखवा, कारण आजारातून उठलेल्या बाईला असं वाळीत टाकल्यासारखं वागवलेलं बघून मला खरंच वाईट वाटतं.

हा व्हायरस पातेऱ्यातली, म्हणजे वाळक्या पाल्यापाचोळ्यातली, गोचीड चावल्याने येतो. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, तेव्हा तो पहिल्यांदा सापडला, म्हणून आजाराचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. गोव्यात सत्तरीत २०१५ ला काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना झाला आणि २०१६ ला आपल्या दोडामार्गात आला. शंभरातले ३ ते ५ पेशंट दगावतात, म्हणजे घाबरायचं ते तापाला घाबरा, आजीला नको.

आता सासूबाईंबद्दल एक महत्त्वाचं. काही पेशंटना ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरं वाटतं आणि मग परत ताप येतो, त्यावेळी डोकं प्रचंड दुखतं, हात थरथरतात, नजर अंधुक होते. असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी गाडी काढा.

प्रश्न : आमच्या काजूच्या बागेत परवा एक माकड मेलेलं दिसलं. बिया गोळा करायच्या दिवसात बाग सोडून कसं चालेल? आणि बोंडू खाल्ले तर चालतात का? (एक बागायतदार, सत्तरी)

उत्तर : बोंडू धुऊन खुशाल खा, फळातून काही होत नाही. पण त्या माकडाला हात लावू नका, काठीने ढकलू नका, स्वतः पुरायला जाऊ नका. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि आजूबाजूच्या पातेऱ्यात पसरतात, म्हणजे त्या झाडाखालची जागाच सगळ्यात धोक्याची होते. लगेच फॉरेस्टवाल्यांना आणि आरोग्य केंद्रात कळवा, ते तिथे गोचिडी मारायची पावडर टाकतात. तोवर तेवढा भाग सोडून बाकीच्या बागेत काम करा.

काम करायचंय हे मलाही कळतं, डिसेंबर ते मे हाच आपल्या काजूचा आणि भाजावळीचा सीझन आणि नेमक्या ह्याच दिवसात गोचिडीची पिल्लं पातेऱ्यात भरपूर असतात. ही पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी, मळ समजून माणूस दुर्लक्ष करतो. माझ्याकडे आलेल्या एका काकांच्या लेंग्याच्या नाडीखाली, बरोबर पट्टा बसतो तिथे, तीन चिकटलेल्या होत्या आणि त्यांना वाटत होतं घामोळं आलंय. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॅन्ट मोज्यात खोचलेली, आणि आरोग्य केंद्रात मिळणारं, गोचिडीला लांब ठेवणारं डीएमपी तेल हातापायाला लावूनच आत जा. पातेऱ्यावर बसून जेवू नका, आडवं तर अजिबात होऊ नका. घरी आल्यावर कपडे आधी गरम पाण्यात, मग आंघोळ, आणि आंघोळीत काखा, गुडघ्यामागे, जांघेत, कानामागे बोटं फिरवून बघा. जंगलातला पातेरा गोठ्यात गुरांखाली पसरायची सवय मात्र ह्या दिवसात बंदच करा, त्याच्यासोबत गोचिडी थेट घरापर्यंत येतात.

प्रश्न : गोचीड चिकटली तर रॉकेल लावतात ते बरोबर आहे का? आणि लस कुठे मिळते? (एक कॉलेज विद्यार्थिनी, सावंतवाडी)

उत्तर : रॉकेल नको, चटका नको, नखाने चिरडणं तर नकोच. बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरायची आणि सरळ वर ओढायची, मग जागा आणि हात साबणाने धुवायचे. जुनी लस होती पण तिचा उपयोग पुरेसा होत नव्हता म्हणून ती आता देत नाहीत, नवीन लसीवर आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) काम चालू आहे. ह्या व्हायरसवर खास औषधही नाही, सलाईन आणि नीट देखरेख हाच उपचार, म्हणून लवकर पोचणं महत्त्वाचं. चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत एकदम थंडी वाजून ताप, कपाळ फुटल्यासारखं दुखणं, कंबर आणि पोटऱ्या धरणं, उलट्या, पुढे हिरड्यांतून नाहीतर नाकातून रक्त, असं काही झालं तर मेडिकलमधून मनाने अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. तापाला पॅरासिटामॉल पुरे. आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की जंगलात, बागेत गेले होते, म्हणजे ते रक्त माकडतापासाठीही तपासायला पाठवतील.