प्रश्न वाचकांचे : न जोडलेल्या लायब्ररीचा त्रास

प्रश्न : आमचा प्रकल्प जावामध्ये असून बिल्डसाठी (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्यासाठी) आम्ही मावेन वापरतो. अहवाल तयार करणारी एक नवी लायब्ररी नुकतीच जोडली. कंपाइल बिनचूक होते, युनिट टेस्टही पास होतात. मात्र सर्व्हरवर अहवाल काढायला गेले की गूगलच्या ग्वावा लायब्ररीतील 'प्रीकंडिशन्स' या क्लासची 'चेकआर्ग्युमेंट' ही मेथड सापडत नाही, असे सांगणारा 'नोसचमेथडएरर' येतो. आम्ही तर ग्वावा कुठेच जोडलेली नाही. हवा तो जार (लायब्ररीची तयार फाइल) लिब फोल्डरमध्ये टाकून मोकळे व्हा, असे एक ज्येष्ठ सहकारी सुचवतात. तसे करावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : करू नये. ग्वावा तुम्ही जोडलेली नसली तरी तुम्ही जोडलेल्या लायब्रऱ्यांनी ती आपल्यासोबत आणलेली आहे, आणि बहुधा त्यांतल्या दोघींनी दोन वेगवेगळ्या आवृत्त्या आणल्या आहेत. एका लायब्ररीची एकच आवृत्ती क्लासपाथवर (जावा क्लास जिथे शोधते त्या यादीत) ठेवायची, हा मावेनचा नियम. पण ती निवडताना मावेन आवृत्तीचा आकडा पाहत नाही, तर डिपेंडन्सींच्या झाडात (कोणती लायब्ररी कोणती आणते त्या आराखड्यात) ती तुमच्या प्रकल्पापासून किती पायऱ्या दूर आहे एवढेच पाहते. जवळची आवृत्ती ठेवली जाते, आणि अंतर सारखे असेल तर पॉम या मावेनच्या प्रकल्प-फाइलमध्ये जिचा मार्ग आधी लिहिला आहे ती. म्हणून एखाद्या जुन्या लायब्ररीने दुसऱ्या पायरीवर ग्वावा १९ आणली असेल आणि अहवालाच्या लायब्ररीमार्फत तिसऱ्या पायरीवर २७ येत असेल, तर १९ राहते आणि २७ गुपचूप गळते.

मग कंपाइल कसे झाले? तुमचा कोड ग्वावाला हाक मारतच नाही. मारते ती लायब्ररी, आणि ती तुमच्याकडे आधीच कंपाइल होऊन आलेली असते. या विशिष्ट मेथडची गंमत अशी की २० व्या आवृत्तीपूर्वी संदेशात भरायच्या किमती, एक असो वा दहा, अ‍ॅरेच्या रूपाने घेणारा एकच प्रकार होता. २० मध्ये एक किंमत, दोन किमती अशा नेमक्या संख्यांसाठी वेगळे प्रकार आले. सोर्स कोडमधली ओळ दोन्हीकडे अक्षरशः सारखीच दिसते, पण नव्या ग्वावाबरोबर कंपाइल केल्यास बाइटकोडमध्ये (कंपाइल झालेल्या कोडमध्ये) 'बूलियन, स्ट्रिंग, ऑब्जेक्ट' अशी सही, म्हणजे मेथड घेते त्या किमतींच्या प्रकारांची यादी, उमटते, जी १९ मध्ये नाही. उलट दिशेने अडचण येत नाही, कारण अ‍ॅरेचा जुना प्रकार नव्या आवृत्तीतही ठेवलेला आहे. मोठ्या डेटासाठीच्या हडूप ३.२.१ सोबत हाइव्ह ३.१.२ बसवणाऱ्यांना हाच एरर भेटतो, कारण हाइव्हबरोबर ग्वावा १९ येते आणि हडूपबरोबर २७.

निदानासाठी मावेनची 'डिपेंडन्सी:ट्री' ही आज्ञा 'व्हर्बोज' पर्याय लावून चालवा. वगळलेल्या आवृत्तीपुढे 'ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट' असा शेरा दिसेल आणि तिला कोणी आणले तेही कळेल. त्यानंतर पॉममधील 'डिपेंडन्सी मॅनेजमेंट' या विभागात ग्वावाची नवी आवृत्ती लिहा. तिथला आकडा झाडात खोलवरून येणाऱ्या ग्वावालाही लागू होतो. सर्व्हरवरील प्रकल्पाला आकड्यामागे 'जेआरई' शेपटी असलेली आवृत्ती घ्यावी, 'अँड्रॉइड'ची नव्हे. 'एक्सक्लूजन' (अमुक लायब्ररीने आणलेली ग्वावा घेऊ नये ही सूचना) लिहूनही काम भागते, पण मला तो मार्ग फारसा पसंत नाही, कारण उद्या तिसरी लायब्ररी जुनी ग्वावा घेऊन आली की पुन्हा नवे एक्सक्लूजन लिहावे लागते. त्यापेक्षा मावेनच्या एन्फोर्सर प्लगइनचा 'रिक्वायर अपर बाउंड डेप्स' हा नियम लावावा, म्हणजे कोणाला हव्या असलेल्या आवृत्तीपेक्षा जुनी निवडली गेल्यास बिल्डच अडेल.

लिब फोल्डरातला जार मावेनच्या हिशेबातच नसतो. परिणामी ग्वावाच्या दोन्ही आवृत्त्या सर्व्हरवर पोहोचतात आणि जी क्लासपाथवर आधी लागेल तिच्यातून क्लास उचलला जातो. आज काम झाले तरी ते नशिबाने. दुसरे असे की डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी लिहिणाऱ्या जावा लायब्ररीची गंभीर त्रुटी उघड झाली तेव्हा २.१५, २.१६ आणि २.१७ या आवृत्त्या त्याच महिन्यात एकामागून एक काढाव्या लागल्या. ज्यांची आवृत्ती पॉममध्ये एका ठिकाणी होती त्यांनी दर वेळी एक आकडा बदलला; ज्यांनी जार फोल्डरांत टाकले होते त्यांना ते आधी शोधत बसावे लागले.

प्रश्न : मावेन सोडून ग्रेडल या बिल्डच्या दुसऱ्या साधनाकडे वळल्यास ही कटकट संपेल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : वरच्या उदाहरणातली संपेल, कारण ग्रेडल अंतर न पाहता सर्वांत वरची आवृत्ती निवडते. परंतु वरच्या आवृत्तीत जुनी मेथड काढून टाकलेली असेल, तर तोच एरर उलट बाजूने येईल. शिवाय आवृत्तीच्या जागी अधिक चिन्ह (म्हणजे मिळेल ती नवी आवृत्ती) टाकून ठेवण्याची सवय ग्रेडलमध्ये पुष्कळांना असते. त्या चिन्हाचा अर्थ काय लागला हे ग्रेडल नेहमीच्या सेटिंगमध्ये २४ तास लक्षात ठेवते, त्यामुळे एकाच दिवशी दोघांच्या मशीनवर दोन निराळे बिल्ड तयार होऊ शकतात. नेमका आकडा लिहावा. अधिक चिन्ह ठेवायचेच असेल तर डिपेंडन्सी लॉकिंग चालू करून लॉकफाइल (निवडलेल्या आवृत्त्यांची नोंद) कोडसोबत गिटमध्ये कमिट करावी.