प्लास्टिकच्या पिशवीतली गोधडी

“मॅडम, आजी जाऊन दहा महिने झाले, तरी अजून रडू येतं. आणि आता मी तिला विसरायलाही लागलेय. ही दोन्ही एकदम कशी होतात? माझं काही बिनसलंय का?”

बसता बसताच तिने विचारलं. आषाढ सरत आला होता, फोंड्यात सकाळपासून पावसाने धरलं होतं. तिच्या मांडीवर एक जाड प्लास्टिकची पिशवी होती आणि आत घडी घातलेली गोधडी. घडीच्या कडेने करड्या-पांढऱ्या बुरशीचे ठिपके उठले होते.

हे तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दाम घातलेली नाहीत. लिहायचं कारण एवढंच, की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. गोव्यात आजीच्या हाताखाली वाढलेली मुलं पुष्कळ. कुणाचे वडील बोटीवर, कुणाचे आखातात, कुणाची आई सकाळी सातच्या बसने नोकरीवर. दिवसभर घरात आजी. ती गेली की या मुलांच्या पायाखालचं काहीतरी निसटतं, आणि ते बोलून दाखवायची सोय नसते.

हिचंही तसंच. वय एकतीस, औषधाच्या कारखान्यात नोकरी, लग्न होऊन चार वर्षं झालेली. आईवडील दोघेही नोकरीला, म्हणून दहावीपर्यंत फोंडा तालुक्यातल्या एका गावात आजीकडे राहिली. आजी शहाऐंशीव्या वर्षी, गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी, चार दिवसांच्या तापात गेली. भेटायला आलेले सगळे एकच म्हणत होते: सोनं झालं म्हातारीचं, पतवंड बघून गेली. कामावर तिला दोन दिवसांची रजा मागायची होती, तर वरिष्ठ म्हणाले, “आजीच ना?” त्या ‘च’मध्ये तिचं दुःख मोजून संपलं होतं. नवरा समजूतदार, पण सहा महिन्यांनी तोही म्हणाला, आता सावर.

अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखासाठी एक संज्ञा वापरात आणली. मराठीत मी तिला ‘मान न मिळालेलं दुःख’ म्हणते. ज्या दुःखाला समाज जागा देत नाही, सांत्वनाला कुणी येत नाही, रजा मिळत नाही, ते माणूस एकट्याने आणि चोरून वागवतं. आजी-आजोबांचं जाणं बहुतेकदा याच खात्यात जमा होतं, कारण वय झालेलं असतं. पण गेलेल्याच्या वयावरून मागे राहिलेल्याचं दुःख मोजता येत नाही. म्हणून मी समोरच्याला नातं काय होतं हे विचारत नाही. त्या माणसासोबत तुमचा दिवस कसा जायचा, ते विचारते.

तिला हा प्रश्न मात्र मी उशिरा विचारला. आधी एक चूक केली.

पिशवीचा खुलासा तिने केला होता. आजीच्या अंगाचा वास गोधडीला होता, खोबरेल, चुलीचा धूर आणि कपाटातल्या कापराचा. तो उडून जाऊ नये म्हणून तेराव्यानंतर तिने गोधडी प्लास्टिकमध्ये घालून तोंड घट्ट बांधलं. महिन्यातून एकदा उघडायची, नाक खुपसायची, परत बांधायची. मृग लागल्यावर हवेतली ओल आत गेली आणि तिथेच कोंडली. जुलैत उघडली तर आजीचा वास नव्हता, कुबट वास होता. “मी तिला जपायला गेले आणि मीच तिला कुजवलं,” असं म्हणून ती रडायला लागली.

तेव्हा मी घाईने म्हटलं, “अगं, गोधडी म्हणजे आजी नव्हे.”

ती गप्प झाली. पिशवी छातीशी धरून उठायच्या बेतात आली. इतकी वर्षं या खुर्चीत बसूनही माझ्या तोंडून तेच आलं जे तिला सगळ्यांनी ऐकवलं होतं. मी माफी मागितली आणि म्हटलं, “बाहेर काढतेस का? मला बघायची आहे.”

मग पुढचा पाऊण तास तिने मला गोधडी वाचून दाखवली. दुसरा शब्द सुचत नाही. हा निळा चौकडीचा तुकडा बाबांच्या शाळेच्या शर्टाचा. हे आत्याच्या डोहाळजेवणाच्या साडीचं. हा जुन्या पडद्याचा, पडद्यावर पिकलेल्या फणसाचा चीक पडला होता म्हणून तो फाडला. हे पांढरं आजोबांच्या धोतराचं. ते आजीने मधोमध लावलं होतं आणि विचारल्यावर सांगितलं होतं, “मध्येच असायचे ते, घरातसुद्धा.” खालचा थर आजीच्याच दोन नऊवाऱ्यांचा. धावदोरा कडेपासून आत वळत गेलेला. शेतातली कामं उरकली की फाल्गुन-चैत्राच्या दुपारी आजी पडवीत गोधडी पसरून बसायची, आणि शेजारच्या दोघीतिघी आपापल्या सुया घेऊन यायच्या. कुणाच्या मुलीचं जमत नव्हतं, कुणाची गाय आटली होती, ते सगळं त्या टाक्यांत बसलं. पावसाआधी पुरुमेंत भरायचा, म्हणजे सोलं, सुकी मासळी, मिरच्या, चिंच, त्याच यादीत ‘गोधडी पुरी करणे’ असायचं.

बोलताना ती रडत नव्हती. मला वाटतं, त्या दिवसापर्यंत आजी कशी गेली हेच तिला सगळ्यांनी विचारलं होतं. आजी कशी होती, हे कुणी विचारलं नव्हतं.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर.

दहा महिन्यांनी रडू येणं हा आजार नाही. ती कामावर जात होती, जेवत होती, झोपत होती, भाचीच्या वाढदिवसाला हसली होती. दुःख लाटेसारखं यायचं, बाजारात हळदीची पानं दिसली की, संध्याकाळी कुणाच्या घरातून फोडणीचा वास आला की, आणि ओसरायचं. याला आम्ही शोक म्हणतो. ज्याला लांबलेल्या शोकाचा विकार म्हणतात तो वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान 6 महिन्यांची मुदत आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2022 च्या सुधारित नियमावलीत मोठ्या माणसांसाठी ती 12 महिन्यांची आहे. पण नुसती मुदत उलटली म्हणजे विकार झाला असं नाही. गेलेल्या माणसाची ओढ जवळपास रोज, दिवसभर, तीव्रतेने टिकून असते. ते माणूस गेलंय यावर विश्वासच बसत नाही. आपलं जगणं निरर्थक वाटतं. काम, घर, नाती हातून सुटतात. असं असेल तर नुसतं बोलून भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं लागतं. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक कधीही लावता येतो. आणि मरणाचे विचार येत असतील तर महिने मोजत बसू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं.

विसरण्याची भीती मात्र मला अधिक खोल वाटते. ‘आवाज आठवत नाही’, ‘चेहरा फोटोतलाच आठवतो’, असं लोक अपराध्यासारखं सांगतात. वासाचं तर विशेष आहे. मेंदूत वासाची वाट भावना आणि आठवणींच्या केंद्रांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा थेट जाते, म्हणून एका हुंगण्यात अख्खं बालपण उभं राहतं. पण वास कापडावर कायमचा थांबत नाही. तो उडणारच, पिशवी बांधा किंवा न बांधा. तो गेला म्हणजे आजी दुसऱ्यांदा गेली असं तिला वाटत होतं. मी तिला त्यावर लगेच काही म्हटलं नाही. एकच विचारलं, आजीचं असं काय आहे जे नाकाने नाही, हाताने आठवतं?

पुढच्या वेळी ती हसत आली. रविवारी खतखतं करून बघितलं होतं. आजीने कधी लिहून दिलं नव्हतं, तिचं सगळं मुठीने आणि चिमटीने. तूरडाळ, लाल भोपळा, सुरण, नीरफणस, शेवग्याच्या शेंगा, मक्याचे तुकडे, खोबऱ्याचं वाटण, गूळ, सोलं आणि शेवटी ठेचलेली तेफळं. तेफळं जास्त झाली. पहिल्या घासाला जीभ झिणझिणली, बधिर झाली, आणि त्याच क्षणी तिला आजीचा हात दिसला, तळहातावर तेफळं मोजणारा. चुकलेल्या चवीने तिला आठवण परत दिली. बरोबर जमलं असतं तर ती एवढी दचकली नसती, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

शोकाबद्दल आमच्याच क्षेत्रात बराच काळ एक समज होता. फ्रॉइडने 1917 मध्ये मांडलं, की गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं हे शोकाचं काम. 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी वेगळं म्हटलं: बहुतेक माणसं नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलून ते चालू ठेवतात, आणि त्यात वावगं काही नाही. आपल्याकडे म्हाळाला नाव घेऊन पान वाढणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. तरीही ‘आता सावर’ हे आपणच सगळ्यात लवकर म्हणतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

वर्ष पाळत असल्यामुळे नागपंचमीला तिच्या माहेरी पातोळ्या झाल्या नाहीत. 15 ऑगस्टला ती गावी गेली होती. दुपारी शेजारची ख्रिस्ती मावशी हळदीच्या पानात गुंडाळलेल्या पातोळ्यांचा डबा घेऊन आली. त्यांच्याकडे त्या दिवशी सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं फेस्त, आणि फेस्ताला पातोळ्या होतातच. गणेशचवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, इकडून तिकडे आणि नाताळचा कुसवार, म्हणजे फराळ, तिकडून इकडे, हे दोन घरांत चाळीस वर्षं चालू होतं. डबा ठेवून मावशी म्हणाली, “दुखवट्याच्या घरात गोड रांधत नाहीत, हे मला तुझ्या आजीनंच सांगितलं होतं. माझा घोव गेला त्या वर्षी नाताळाला तीच डबा घेऊन आली होती. जेवलें गो बाय, म्हणून विचारायला रोज यायची.”

मग मावशी रडली. तिला या दहा महिन्यांत सांत्वनाचा एक शब्द कुणी म्हटला नव्हता. शेजारीण गेल्याचं दुःख कोण विचारणार?

गोधडीची गोष्ट निघाली तेव्हा मावशीने घरातून आपली आणली. मुलाच्या जन्माच्या वेळी आजीने शिवून दिलेली. मुलगा आता छत्तीस वर्षांचा, बोटीवर असतो. ती गोधडी दर वर्षी रिठ्याच्या पाण्यात धुतलेली, उन्हात वाळवलेली, तीन पोरांनी आणि एका कुत्र्याने पांघरलेली. रंग उडालेले, कड दोनदा नव्याने शिवलेली. “प्लास्टिकात घातलीस? अगं, कापडाला श्वास नको?” असं म्हणून मावशीने तिची बुरशी धरलेली गोधडी ताब्यात घेतली. अंगणात नेऊन कोरडी बुरशी ब्रशने झटकली, नाकाला फडकं बांधून. पण धुवायची नाही म्हणाली, उघडीप मिळेपर्यंत. अर्धवट वाळली तर परत धरेल.

उघडीप मिळाली ती चवथीच्या सुमाराला. यंदा घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, साधीच बांधली होती. गणपती पोचवल्यावर दोन दिवस कडक ऊन पडलं आणि त्या दोघींनी गोधडी धुतली. तिने मला हे फोनवर सांगितलं. धुताना हात थांबले होते का, असं मी विचारलं. “थांबले,” ती म्हणाली, “मावशीनेच पाण्यात ढकलली.”

नंतर आम्ही दोनदाच भेटलो. शेवटच्या वेळी तिने गोधडी आणली होती, या खेपेला कापडी पिशवीत. बुरशीचे दोन डाग राहिलेच होते, आजोबांच्या धोतरावर. खालच्या कोपऱ्यात दोरा कुजून सुटला होता, तिथे तिने स्वतः टाके घातले होते, लांबलांब आणि तिरके. तिथेच एक नवा तुकडाही बसवला होता, तिच्या कामावरच्या पांढऱ्या डगल्याचा.

मी गोधडी नाकाशी नेली. साबणाचा आणि उन्हाचा वास होता.

“गेला ना वास?” ती म्हणाली.

“गेला.”

“रात्री पांघरते मी. आधी कधी पांघरलीच नव्हती, दहा महिने.” मग तिने कोपऱ्यातले टाके माझ्यासमोर धरले आणि विचारलं, “आजी असती तर उसवून परत घालायला लावले असते. उसवू का?”

मी म्हटलं, ते मावशीला विचार.