‘लईच वाळलीस की!’

वजन वाढलं म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला लोक येतात. उतरत नाही म्हणून येणारे त्याहून जास्त. गेल्या काही वर्षांत मात्र तिसरीच तक्रार वारंवार कानावर येते: वजन उतरवलं, आणि आता लोक जगू देत नाहीत. ‘शुगर निघाली काय?’ ‘घरात टेन्शन हाय का काय?’ ‘आधीच बरी दिसत होतीस.’ ‘किती दिवस टिकतंय बघू.’ आणि या सगळ्यांची थोरली जाऊ म्हणजे, ‘लईच वाळलीस की गं!’

आमच्या कोल्हापुरात हे जरा जास्तच. हे तालमींचं गाव. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेचं मैदान बांधलं ते १९१२ साली. गंगावेशीच्या कट्ट्यावर अजून म्हशी उभ्या असतात आणि माणसं समोर काढलेलं धारोष्ण दूध ग्लासानं पितात. इथं भरलेलं अंग म्हणजे बरं चाललेलं घर. आपली भाषाच बघा ना. ‘तब्येत’ म्हणजे प्रकृतीही आणि अंगलटही. ‘तब्येत सुधारली’ म्हणजे वजन वाढलं. ‘तब्येत उतरली’ म्हणजे कमी झालं. वाळणं, सुकणं, आटणं, झिजणं, खंगणं, सगळे शब्द आजाराचे नाहीतर दुःखाचे. ठरवून, कष्ट करून, चांगल्यासाठी वजन कमी केलं, याला आपल्या रोजच्या बोलण्यात धड शब्दच नाही. ‘बारीक झालीस’ हा एक आहे, पण तोही बहुतेक वेळा कपाळाला आठ्या घालूनच म्हटला जातो. समोरची बाई टोमणाच मारत असते असं नाही. कौतुक करायचं तरी तिच्याकडे तेच शब्द. हे माझ्या लक्षात यायला प्रॅक्टिसची एकोणीस वर्षं जावी लागली. पुस्तकात मिळालं नाही, खुर्चीत बसून ऐकताना मिळालं, म्हणून मला त्याचं जरा अप्रूप आहे.

तर सुमनची गोष्ट. नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत. वय ४३, पतसंस्थेत नोकरी, राहायला मंगळवार पेठेत, सासरची शेती राधानगरी रस्त्याला. बोलणं आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखं, ‘मी आलो, मी जातो.’ तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी (HbA1c) ६.३ टक्के आली, डॉक्टर म्हणाले मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, आत्ताच वजन आवरा. हिनं आवरलं. सहा चहाचे दोन झाले, तेही बिनसाखरेचे. रात्रीचा भात गेला. रोज सकाळी रंकाळ्याला फेरी. अकरा महिन्यांत ७८ चे ६३ किलो.

‘मॅडम, पंधरा किलो उतरवताना जेवढा त्रास झाला नाही तेवढा लोकांच्या बोलण्यानं झाला,’ ती म्हणाली.

दिराच्या मुलीच्या लग्नात थोरल्या काकींनी पंगतीत सगळ्यांदेखत म्हटलं, ‘ही बघा, उसाचं चिपाड झालीया.’ सुमननं वाढप्याला हाक मारली, चार जिलेब्या ताटात घेतल्या आणि काकींकडे बघत बघत चारही संपवल्या. तिथून सुरू झालं. पतसंस्थेत कुणाचा वाढदिवस असला की केक, बारशाला गेलं की पेढे. चार महिन्यांत तीन किलो परत आले. का खाल्लं विचारल्यावर म्हणाली, ‘खाल्लं की लोक गप बसतात.’ हे वाक्य मी डायरीत तसंच्या तसं उतरवून घेतलं.

एक गोष्ट मी आधी नेहमीच तपासते: वजन कसं कमी केलं? पाळी नीट आहे ना, चक्कर येते का, केस गळतात का, लपून उलट्या काढणं वगैरे काही चालू आहे का. कॉलेजच्या मुलींच्या बाबतीत तर विशेष. तसं काही असलं तर लोकांचं बोलणं हा प्रश्नच राहत नाही, आधी डॉक्टर. सुमनचं तसं काही नव्हतं.

आणि चिपाड म्हणाल तर तिची उंची ५ फूट २ इंच. आपल्याकडच्या माणसांसाठी डॉक्टर जी मर्यादा धरतात, त्या हिशेबानं तिला साधारण ५७ किलोपर्यंतचं वजन योग्य. म्हणजे ६३ लासुद्धा ती सहा किलो जास्तच होती! मग काकींना चिपाड दिसलं कुठं? त्या हिला हिच्याच जुन्या फोटोशी ताडून बघत होत्या. शिवाय चाळिशीनंतर वजन उतरलं की गालावरचा भराव जातो आणि कातडी तेवढी आवळून येत नाही. पोट किती कमी झालं ते साडीत कळत नाही. ओढलेले गाल मात्र बसस्टॉपवरूनही दिसतात.

इथं माझीही चूक सांगते. पहिल्या दोन भेटींत मी तिला उत्तरं शिकवली. कोण काय म्हणालं की काय म्हणायचं. ती हुशार, लगेच शिकली आणि एका बारशात काकींना म्हणाली, ‘माझं कमी झालं ते झालं, तुमचं वाढलंय त्याचं बघा.’ पंधरा दिवस घरात अबोला. नवरा मधल्यामध्ये. ‘बोललो त्या रात्री लई बरं वाटलं मॅडम. दुसऱ्या दिवशी परत तेच डोक्यात.’ मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली होती. काकींच्या वाक्याला उत्तर मिळालं, सुमनच्या डोक्यातलं वाक्य होतं तिथंच होतं. ते शोधायला हवं होतं.

‘काकी बोलल्या. मग?’

‘मग राग आला.’

‘कशाचा?’

‘कशाचा म्हणजे? असं बोलूच नये माणसानं.’

‘बोलू नये ही तुमची इच्छा, की बोलताच कामा नये असा कायदा आहे?’

ती हसली. ‘कायदा असता तर निम्मं कोल्हापूर कळंब्याच्या जेलात असतं.’

मी ज्या विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते ती अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास मांडली. तिच्यातली बाकी परिभाषा राहू दे, मला रोज उपयोगी पडतो तो हा एवढाच फरक. लोकांनी नीट बोलावं ही इच्छा रास्त आहे, ती सोडायचं कारण नाही. लोकांनी नीटच बोललं पाहिजे, नाहीतर मला सहन होणार नाही, हा हुकूम झाला. इच्छा मोडली तर वाईट वाटतं, चहा घेईपर्यंत विरतं. हुकूम मोडला की माणूस रात्रभर कूस बदलतो आणि सकाळी जिलेबी खातो.

हे तिला पटलं. पण पटणं निराळं आणि आत शिरणं निराळं. ते झालं सहाव्या भेटीत, आणि श्रेय माझं नाही. डिसेंबर होता, ऊसतोडीचे दिवस. रविवारी शेतावर जाऊन आली होती, हाताला उसाच्या पाल्यानं ओरखडे. मी त्या दिवशी मुद्दाम उलटं विचारलं. टोमणे राहू देत, कौतुक कोण करतं?

‘करतात की. आमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, कॉलेजची पोरगी दिसतेस.’

‘मग?’

‘दोन दिवस नुसता आनंद.’

‘तिसऱ्या दिवशी?’

ती थांबली. ‘तिसऱ्या दिवशी कोण कायच बोललं नाही. तर घरी जाऊन आरशात बघितलो. म्हटलं, परत सुटलो काय?’

मी गप्प राहिले. सुरुवातीच्या वर्षांत अशा वेळी मी पटकन समजावून सांगायला जायची आणि समोरच्याचं हातातोंडाशी आलेलं काढून घ्यायची. आता नाही. ती ओरखडे खाजवत बसली होती. मग अचानक उसाचंच, आणि मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, बोलायला लागली.

‘आमचे मामा ऊस घालताना ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर चढवतात, मग कारखान्याला. बाहेरची पावती खिशात. कारखान्याचा काटा कितीबी दाखवू दे, आपलं किती हाय हे मामांना आधीच म्हाईत असतंय. फरक पडला तर भांडतात, पण झोप नाही उडत त्यांची.’

मी मान हलवली.

‘मी बाहेर काटाच केलो नाही मॅडम. डायरेक्ट काकींच्या काट्यावर जाऊन उभारलो. नाहीतर मॅनेजरबाईंच्या.’

खरं सांगते, अंगावर काटा आला. एलिसच्या सगळ्या मांडणीत मला असा दाखला सापडला नसता. मी एवढंच विचारलं, ‘मग तुमच्या खिशातली पावती कुठली?’

तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. साखर ६.३ वरून ५.६. पतसंस्थेचे दोन जिने न थांबता. जोतिबाला गेल्यावर गुडघ्यानं तक्रार केली नाही. लग्नातली अंगठी पंधरा वर्षं कपाटात होती, ती परत बोटात बसली. दुपारी तीनला टेबलावर पेंग येत नाही. यातलं एकही दुसऱ्याला बघून कळणारं नाही, हे तिच्या तिनंच म्हटलं. पर्समध्ये मामांची एक जुनी काटापावती होती, तिच्याच पाठीवर तिनं हे सगळं लिहिलं.

पुढं संक्रांत आली. दोन वर्षं टाळलेल्या हळदी-कुंकवाला या वेळी मी तिला जाणूनबुजून पाठवलं. एलिस एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा, म्हणून न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या बायकांशी बोलत सुटला. शंभर जणींशी बोलला, एकीनं भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण भीती गेली. त्याच धर्तीवर सुमनचं काम: जायचं, तिळगूळ घ्यायचा, वजनावर किती जणी बोलतात ते मोजायचं. उत्तर एकच, ‘व्हय, कमी केलंय.’ पुढं समोरचीचं काहीतरी विचारायचं.

आली ती खुशीत. ‘नऊ जणी. सगळं बोलणं मिळून दोन मिनिटं नाही झाली मॅडम.’

‘आणि याआधी एकेका वाक्याला किती वेळ द्यायचात?’

‘अख्खी रात्र.’

नवातल्या सहा जणी तिच्या उत्तरानंतर लगेच स्वतःच्या गुडघ्यावर, साखरेवर, सुनेवर घसरल्या. दोघींनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, कसं केलंस गं? आता यात तुमच्यासाठी काय, तर उत्तर आखूड ठेवा. डाएट काय, किती चालते, डॉक्टर काय म्हणाले हे सांगत बसलात की सुनावणी सुरू होते आणि समोरची न्यायाधीश होते. कारण मागितलं तरी ते द्यायलाच हवं असं नाही. आणि जी व्यक्ती चारचौघांत मुद्दाम पुन्हा पुन्हा बोलते, तिला एकदा एकटीला गाठून, आवाज न चढवता सांगा: ‘काकी, माझ्या अंगावरनं लोकांत बोलू नका, मला आवडत नाही.’ सुमननं सांगितलं. काकी थांबल्या का? नाही. थांबतील असं वचन मी दिलंही नव्हतं. जिलेबी मात्र थांबली.

सासूबाईंचं प्रकरण वेगळं होतं आणि ते सगळ्यांत मिसळून टाकलं तर घोटाळा होतो. आत्ती रोज सकाळी म्हणायच्या, ‘बाई, तू आटत चाललीस.’ सुमन त्यांनाही काकींच्या रांगेत उभं करत होती. मी म्हटलं, त्यांना एकदा विचारा तरी. विचारल्यावर कळलं, आत्तींचा धाकटा भाऊ क्षयानं गेला. तोही आधी असाच वाळत गेला होता आणि घरातल्यांनी ते उशिरा मनावर घेतलं होतं. ही भीती काही खुळी नाही. काहीही न करता सहा महिने ते वर्षात वजन पाच टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलो, तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. अशा वेळी ‘वाळलास की’ म्हणणारं माणूस उपकारच करत असतं. पुढच्या तपासणीला सुमन आत्तींना सोबत घेऊन गेली. डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवून सांगितलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग हे मला आधी का सांगितलं न्हाईस?’ वर्षभर घरातल्या कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं की सूनबाई मुद्दाम करतेय.

सुमनच्या भेटी संपल्या. तीन किलोंतले दोन गेले, एक राहिला, त्याची तिला फिकीर दिसली नाही.

नंतर एकदा सकाळी रंकाळ्यावर ती समोरून आली. मला बघून थांबली. मधे बरेच दिवस गेलेले, ओढणी कमरेला बांधलेली, चेहरा तापलेला. आणि माझ्या जिभेवर काय आलं असेल? ‘अगं, वाळलात की!’ अगदी ओठापर्यंत. गिळलं कसंबसं आणि विचारलं, ‘ऊस गेला का यंदाचा?’

‘गेला की मॅडम,’ ती म्हणाली. ‘बाहेरनं काटा करूनच.’ आणि चालायला लागली.