मुंबईतली बेरोजगारी कमी झाली असं आकडे सांगतात. मग नोकरीसाठी मुंबईत यावं का?

आकडा उतरला म्हणजे काम मिळतंच, असं तुम्ही धरून चालला आहात. माझा मामा चाळीस वर्षं हेच म्हणतोय, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही लालबागचे. बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी पाचवीत होतो. आई खानावळ चालवायची, चौदा गिरणी कामगार आमच्याकडे जेवायचे. संप लांबला तसे तेही एकेक करून कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेले. बाबांचा पगार थांबलेलाच होता, आता खानावळही बसली.

मग आई पोळीभाजीचे डबे करायला लागली आणि बाबा ते दादरपर्यंत पोचवायचे. पैसे आई तांदळाच्या डब्यात ठेवायची. वीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात काढल्यामुळे बाबा घरातही ओरडून बोलायचे. विडीला पैसे मागताना मात्र आवाज खाली यायचा आणि नजर दाराकडे असायची. गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. शेवटपर्यंत कुणी विचारलं, काय करता, तर ‘गिरणीत आहे’ म्हणायचे.

मामा म्हणायचा, "भावोजी बेकार कुठे आहेत? डबे पोचवतात की! मुंबईत हातपाय हलवणारा उपाशी राहत नाही."

सरकारी मोजणीही मामासारखीच बोलते. पीएलएफएस या रोजगार-बेरोजगारीच्या सरकारी सर्वेक्षणात साप्ताहिक पद्धतीने मोजताना गेल्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाराही रोजगारातच. म्हणजे बाबा आज असते तर बेरोजगारांत मोजलेच गेले नसते. देशाचा वार्षिक दर 2017-18 मध्ये 6 टक्क्यांच्या आसपास होता, तो 2023-24 मध्ये 3.2 वर आला. तो आकडा अख्ख्या देशाचा, तोही वर्षभराचं काम बघून काढलेला. दर महिन्याचं पत्रक येतं त्यातही मुंबईचा वेगळा आकडा नसतो. त्यावरून मुंबईचं तिकीट काढू नका.

बघायचंच असेल तर त्याच अहवालात नियमित पगारी किती, स्वयंरोजगारातले किती आणि त्यात बिनपगारी मदतनीस किती, ते बघा. पगारी नोकरी गेलेला माणूस डबे पोचवायला लागला तर बेरोजगारीचा दर तिथेच राहतो, घर मात्र खाली येतं. मामाला हे कधीच पटलं नाही. बाबांना काम नको होतं असं तो अजूनही सूचित करतो, आणि ते खोटं आहे. पहाटे पाचला उठून पीठ मळून देणारा माणूस होता तो.

मोजणी चुकीची आहे असं मात्र मी म्हणत नाही. जगभर साधारण अशीच व्याख्या वापरतात. गरिबाला रिकामं बसणं परवडत नाही, म्हणून त्याच्यात हा दर कमीच दिसतो. शिकलेल्या तरुणांत तो जास्त निघतो. तुम्ही पदवीधर असाल तर तो रकाना आधी वाचा. आणि यायचंच ठरवलंत तर हातात नेमणुकीचं पत्र घेऊन या, ओळखीच्या माणसाच्या तोंडी शब्दावर येऊ नका, मग तो सख्खा मामा का असेना.