गोवराची साथ, फिरतीची ड्यूटी आणि अंगावर पिणारी मुलगी

प्रश्न : ताई, मी एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे. नोव्हेंबरपासून गोवंडीत गोवराचा सर्व्हे चालू आहे. दिवसभर ताप-पुरळ असलेली मुलं तपासते. घरी सात महिन्यांची मुलगी आहे, अंगावर पिते. आंघोळ केल्याशिवाय तिला घेत नाही, तरी सासूबाई म्हणतात, ‘रोग घरात आणशील, दूध तोड.’ नवरा म्हणतो, बिनपगारी रजा टाक. काम सोडायची माझी इच्छा नाही. पण मुलीला घेताना हात कचरतो.
– एक वाचक, मुंबई (डिसेंबर २०२२)

उत्तर : दूध तोडू नकोस. गोवर दुधातून पसरत नाही, खोकल्या-शिंकांतून आणि श्वासातून पसरतो. आजारी मुलाच्या खोलीतल्या हवेत तो दोन तासांपर्यंत टिकतो. तू आंघोळ करतेस, कपडे बदलतेस, तेवढं पुरे. तुला स्वतःला गोवर झाला तर मात्र तो घरात येईल, म्हणून मला काळजी आहे ती तुझ्या लशीची. तुझ्या वयाच्या बहुतेकींना लहानपणी सरकारी कार्यक्रमात गोवराचा एकच डोस मिळाला; दुसरा २०१० पासून सुरू झाला. मी पब्लिक हेल्थ नर्स म्हणून निवृत्त झाले, तोवर हेच पाहिलं : दुसऱ्यांच्या मुलांची कार्डं तोंडपाठ असणाऱ्या आमच्या मुलींना स्वतःला काय टोचलंय हे सांगता येत नाही. उद्याच मेडिकल ऑफिसरना विचार. प्रतिपिंडांची रक्ततपासणी होते, नाहीतर सरळ एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) घे. अंगावर पाजतानाही ती चालते. दिवस गेलेले असतील तर मात्र घ्यायची नाही, आणि घेतल्यावर महिनाभर राहू द्यायचे नाहीत.

आता मुलगी. पोटात असताना तुझ्याकडून मिळालेलं संरक्षण या वयात ओसरू लागतं. ज्या भागात नऊ महिन्यांखालच्या बाळांनाही गोवर होतोय, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस द्यायची सूचना केंद्राने नोव्हेंबरमध्येच केली आहे. तुमच्या वस्तीत तो मिळत असेल तर मुलीला दे. हा जादा डोस नेहमीच्या दोन डोसांच्या हिशेबात धरत नाहीत. नवव्या महिन्याचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधला, हे दोन्ही डोस द्यायचेच.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांच्या काळात गोवराने मुलं जायची, ती भीती खोटी नाही. तू ड्यूटीवर असताना बाळ त्यांच्याच कडेवर असतं. शेजारच्या घरात कुणाला ताप, खोकला, लाल डोळे असतील तर बाळाला तिकडे न्यायचं नाही, आणि तशा कुणाला घरात घ्यायचं नाही, एवढं त्यांच्यावर सोपव. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच गोवर पसरतो, हे त्यांना नीट समजावून सांग.

सर्व्हेच्या मध्येच छाती भरून येत असेल. वाटी आणि झाकणाचा डबा उकळून ने, दूध काढून ठेव. बाहेर चार तासच. लशीच्या फ्रिजमध्ये ठेवता येत नाही, ते तू जाणतेसच. दार लावून बसायला पंधरा मिनिटांची जागा हक्काने माग. गल्लोगल्ली पायपीट करणाऱ्या बाईला एवढंही मागावं लागतं, याचा मला संताप येतो.

आणि मुलीला ताप येऊन कानामागून पुरळ उठायला लागलं, तर कडुलिंबाचा पाला ठेवून वाट पाहू नका. दवाखान्यात आधी फोन करा, म्हणजे इतर तान्ह्या बाळांच्या रांगेत तिला घेऊन बसावं लागणार नाही.